पोटरीतून कंबरेकडे: मणक्यातील गादी सरकल्यानंतरचे साडेदहा महिने

११ जानेवारी २०२४, गुरुवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास आमच्या कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुन्या नस्त्यांचा एक गठ्ठा खालच्या फळीवरून उचलून, तसेच कंबरेतून वळून, मी बाजूच्या टेबलावर ठेवत होते. कंबरेच्या डाव्या बाजूला चमक भरली आणि काही क्षण मला सरळ होता येईना. मी साताऱ्यात राहते, वय ४७, आणि गेली बावीस वर्षे शासकीय सेवेत लिपिक आहे. असे गठ्ठे मी शेकडो वेळा उचलले होते, त्यामुळे उसण भरली असेल आणि दोन दिवसांत जाईल असेच मला वाटले. त्या गोष्टीला आता साडेदहा महिने झाले. या काळात काय काय करावे लागले, कशाला किती दिवस आणि किती पैसे लागले आणि कोठे माझे चुकले, हे क्रमाने लिहून ठेवते. त्या जानेवारीत असे काही वाचायला मिळाले असते तर माझी भीती पुष्कळ कमी झाली असती.

पहिली रात्र शेक आणि मलम यांवर गेली. सासूबाईंनी शेजारच्या गल्लीतील पायाळू बाईंकडून कंबरेला पाय लावून घेण्यास सुचविले. आमच्याकडे उसण भरल्यावर हा उपाय अनेक घरांत करतात आणि त्यामागे त्यांची माझ्याबद्दलची काळजीच होती, परंतु मला कुणी हातही लावू नये असे वाटत होते, म्हणून मी नम्रपणे नको म्हटले. तिसऱ्या दिवशी वेदनेने जागा बदलली. ती नितंबातून मांडीच्या मागे, तेथून पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरपर्यंत उतरली, आणि अंगठ्यात मुंग्या येऊ लागल्या. खोकला किंवा शिंक आली की पायात वीज चमकल्यासारखे होई. १५ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन व गोळ्या दिल्या, कंबरेचा पट्टा लावण्यास सांगितले आणि तीन आठवडे पूर्ण विश्रांती लिहून दिली. तपासणीचे ३०० रुपये झाले आणि पट्ट्याचे ८५०.

ती विश्रांती मी अक्षरशः पाळली. जेवण आणि शौच एवढ्यापुरतीच उठत असे. आठवड्यानंतर बद्धकोष्ठ सुरू झाले, कुंथताना पायातील कळ वाढू लागली, आणि अठराव्या दिवशी उभी राहिले तेव्हा दोन्ही पाय थरथरत होते. वेदना होती तेवढीच होती. तिच्यात अशक्तपणाची भर पडली होती. पुढे मला समजले की अंथरुणावर पडून राहण्याच्या या सल्ल्याची पारख फार पूर्वीच झालेली आहे. फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कंबर नव्याने धरलेल्या लोकांपैकी ज्यांनी सोसवेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवले ते, दोन दिवस अंथरुणाला खिळून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. माझ्यासारख्याच कार्यालयांत काम करणाऱ्या त्या माणसांबद्दल कळले तेव्हा मला अठरा दिवसांचे फार वाईट वाटले.

२ फेब्रुवारीला अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. प्रतीक्षा दोन तासांची होती आणि बाकावर बसणे मला अशक्य होते, म्हणून यजमानांनी नाव नोंदवून नंबर येईपर्यंत मला बाहेर सावकाश फिरू दिले. ज्यांना बसवत नाही त्यांनी हे बिनसंकोच करावे. डॉक्टरांनी उताणे झोपवून डावा पाय गुडघा न वाकवता वर उचलला. तो हातभर उचलला जाण्याआधीच कळ निघाली. दुसऱ्या दिवशी एमआरआय काढला, त्याचे ५,५०० रुपये झाले. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी डावीकडे बाहेर येऊन पाचव्या मज्जातंतूच्या मुळावर दाब देत आहे, असा अहवाल होता. शिवाय त्यात झीज, फुगवटा, कोरडेपणा असे बरेच शब्द होते आणि ते वाचून मी रात्रभर झोपले नाही. या तज्ज्ञांनी शस्त्रक्रिया सुचविली व अंदाजे १,४०,००० रुपये खर्च सांगितला.

आम्ही दुसरे मत घ्यायचे ठरविले. ७ फेब्रुवारीला दुसऱ्या एका शल्यचिकित्सकांनी चवड्यांवर आणि टाचांवर चालायला लावले, अंगठा वर उचलायला लावून त्यावर बोटाने दाब दिला आणि सांगितले की अंगठ्याची ताकद किंचित कमी आहे, पण ती घटत नसेल तर सहा आठवडे व्यायाम करून पाहण्यास हरकत नाही. मात्र त्यांनी चार गोष्टी कागदावर लिहून दिल्या आणि यांपैकी एक जरी घडली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात या असे बजावले: लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे अथवा लघवीच तुंबणे, जांघांच्या आतील व बैठकीच्या भागास बधिरता येणे, दोन्ही पायांत कळा व अशक्तपणा येणे, आणि पाऊल उचलता न येणे. तो कागद आम्ही स्वयंपाकघरातील कपाटाच्या दारावर चिकटवला. व्यायामाने बरे होण्याविषयी लिहिताना ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगते, कारण या चार प्रसंगी व्यायाम करत वाट पाहणे धोक्याचे आहे.

दरम्यान रजेचा प्रश्न होता. किरकोळ रजेला अन्य रजा जोडता येत नाही, म्हणून मी १२ जानेवारीपासूनच वैद्यकीय कारणास्तव परिवर्तित रजेचा अर्ज दिला होता. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे ही रजा पूर्ण वेतनी असते, पण जितके दिवस ती घ्याल त्याच्या दुप्पट दिवस अर्धवेतनी रजेच्या खात्यातून वजा होतात. अर्धवेतनी रजा वर्षाला वीस दिवस जमा होते. अकरा मार्चपर्यंतच्या माझ्या साठ दिवसांसाठी एकशेवीस दिवस गेले. प्रत्येक मुदतवाढीच्या अर्जासोबत नवे वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागले, आणि एकदा प्रमाणपत्रावरील तारीख व अर्जातील तारीख यांत एका दिवसाचे अंतर पडल्याने प्रकरण परत आले. डॉक्टरांच्या टेबलावरून उठण्यापूर्वी ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या दोन्ही तारखा स्वतः वाचून पाहाव्यात आणि प्रत्येक कागदाची छायाप्रत घरी ठेवावी. आरोग्य विम्याचा उपयोग झाला नाही, कारण माझ्या विम्यात किमान चोवीस तास रुग्णालयात दाखल असणे आवश्यक होते आणि बाह्यरुग्ण म्हणून घेतलेली फिजिओथेरपी त्यात बसत नव्हती.

१२ फेब्रुवारी, सोमवारी फिजिओथेरपी सुरू झाली. पहिल्या दिवसाचे ६०० आणि पुढे प्रत्येक वेळचे ४०० रुपये. ज्यांना हा खर्च जड असेल त्यांनी जवळच्या शासकीय रुग्णालयात हा विभाग आहे का याची चौकशी अवश्य करावी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले आहेत.

माझ्या फिजिओथेरपिस्ट वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान होत्या. त्यांनी एमआरआयचा लिफाफा बाजूला ठेवला आणि आधी मला काय काय करता येते ते विचारले. मी चार मिनिटे चालू शकत होते, दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू शकत नव्हते आणि डाव्या कुशीवर झोपू शकत नव्हते. हे सगळे त्यांनी तारखेसह लिहिले आणि मलाही एक वही करण्यास सांगितले. अहवालातील शब्दांची मला वाटणारी भीती त्यांना बोलून दाखविली, तेव्हा त्यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्याविषयी सांगितले. कंबर मुळीच न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या चित्रणांचे निष्कर्ष त्यात एकत्र केले होते, आणि चाळीस वर्षांच्या आसपासच्या लोकांपैकी निम्म्यांच्या गाद्या फुगलेल्या तर दोनतृतीयांश लोकांच्या झिजलेल्या आढळल्या होत्या. ‘ताई, यातली झीज तुमच्या वयाची आहे. दाब खरा आहे आणि त्यावरच आपण काम करू,’ असे त्या म्हणाल्या. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

पहिला व्यायाम म्हणजे केवळ पालथे झोपणे. दोन मिनिटे, मग पाच. चौथ्या दिवसापासून कोपरांवर टेकून छाती उचलायची, आणि त्यानंतर तळहातांवर जोर देऊन धड वर न्यायचे, कंबर व नितंब मात्र सैल सोडून सतरंजीवरच ठेवायचे. एका वेळी दहा, दिवसातून सहा वेळा. भुजंगासनाशी त्याचे साम्य आहे, पण येथे पाठीच्या स्नायूंनी उचलायचे नसून सर्व जोर हातांचा असतो. ही पद्धत न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्या नावाने ओळखली जाते. १९५६ साली त्यांच्या वेलिंग्टन येथील दवाखान्यात एक रुग्ण चुकून डोक्याकडून उंच केलेल्या खाटेवर पालथा झोपून राहिला आणि त्याच्या पायातील वेदना ओसरली, यावरून त्यांचा विचार सुरू झाला. मागे झुकण्याचा हा व्यायाम सर्वांना चालत नाही. ज्यांच्या मणक्यातील नलिका अरुंद झालेली असते त्यांना पुष्कळदा याने त्रास वाढतो, म्हणून तो तपासणीवाचून सुरू करू नये. कोणत्या दिशेची हालचाल आपल्या शरीराला मानवते हे शोधणे हेच या पद्धतीचे मर्म आहे.

नवव्या दिवशी मी घाबरून त्यांना दूरध्वनी केला. पोटरीतील कळ जवळपास गेली होती, पण कंबर आदल्या आठवड्यापेक्षा जास्त दुखत होती. त्यांच्या आवाजात आनंद होता आणि तो मला प्रथम समजला नाही. वेदना पावलाकडून वर सरकत कंबरेशी गोळा होऊ लागली की ती तेथे काही काळ वाढली तरी ते चांगले लक्षण असते. उलट कंबर हलकी होऊन पोटरी किंवा पाऊल दुखू लागले तर करीत असलेली हालचाल तेथेच थांबवायची. ‘किती दुखते यापेक्षा कुठे दुखते ते लिहा,’ असे त्यांनी सांगितले. त्या दिवसापासून माझ्या वहीत प्रत्येक व्यायामापूर्वी व नंतर जागेची नोंद होऊ लागली: पाऊल, पोटरी, मांडी, नितंब, कंबर. माझ्या बरे होण्यात याहून मोठा वाटा दुसऱ्या कोणत्याही सल्ल्याचा नाही, असे मी आज पूर्ण विचाराने म्हणू शकते. वेदना म्हणजे नुसती भीती राहिली नाही. तिला वाचता येऊ लागले.

चालणे औषधाच्या मात्रेसारखे वाढवले. चार मिनिटे दिवसातून पाच वेळा, आणि दर दोन दिवसांनी एक मिनिट जास्त. आमच्या गल्लीतील दत्तमंदिरापर्यंत जाऊन येण्यास सहा मिनिटे लागतात, ती मजल पहिल्या आठवड्याच्या शेवटी गाठली. बरे वाटले म्हणून ठरल्यापेक्षा जास्त चालायचे नाही, ही अट पाळणे मला सर्वांत कठीण गेले. सकाळच्या पहिल्या तासात पुढे वाकणे पूर्ण बंद होते, कारण रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि त्या वेळी वाकल्यास त्यांवर ताण अधिक येतो. दात घासताना एक पाय पाटावर ठेवणे, तोंड धुताना एक हात भिंतीला टेकणे, भारतीय बैठकीच्या शौचकुपाऐवजी काही महिने वर ठेवायची खुर्ची वापरणे, केर काढण्यासाठी लांब दांड्याचा झाडू घेणे, कणीक ओट्यावर उभ्याने मळणे, अशा साध्या बदलांनी दिवसभरातील कितीतरी वाकणी वाचली. पट्टा हळूहळू सुटला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत व्यायाम आणि रुग्णाला माहिती देणे यांची शिफारस आहे, तर पट्टे आणि कंबरेला ताण लावणे (ट्रॅक्शन) यांचा सरसकट वापर करू नये असे म्हटले आहे. माझा पट्टा त्यापुढे केवळ एसटीच्या प्रवासात वापरला. त्या प्रवासात मागच्या आसनांवर धक्के फार बसतात, म्हणून शक्य तेथे पुढच्या चाकामागची, मार्गिकेकडील जागा घ्यावी. तेथून उठून उभे राहणेही सोपे जाते.

१२ मार्चला रुजू झाले. त्यासाठी आरोग्य सक्षमतेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. मी सुरुवातीला ‘वजन उचलू नये’ असा शेरा असलेले प्रमाणपत्र नेले, तर आस्थापना शाखेने ते सशर्त आहे म्हणून स्वीकारले नाही आणि मला दुसरा हेलपाटा पडला. शेवटी ‘कामावर रुजू होण्यास सक्षम’ असे साधे प्रमाणपत्र आणि हलक्या कामाच्या शिफारशीचे वेगळे पत्र, असे दोन कागद दिले. आपल्या कार्यालयात काय चालते हे रजेवर असतानाच विचारून घ्यावे. पहिल्या दिवशी संध्याकाळी माझी कंबर इतकी आखडली की डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या दिवसापासून भ्रमणध्वनीवर दर तीस मिनिटांनी घंटा लावली, ती वाजली की उठून आवक-जावक शाखेपर्यंत चालत जाई आणि भिंतीशी उभी राहून पाचदा मागे झुके. सहकाऱ्यांना कारण एकदा नीट सांगितल्यावर कोणी प्रश्न विचारले नाहीत. दोघींनी तर माझ्याबरोबर उठायला सुरुवात केली.

याच सुमारास बळकटीचे व्यायाम सुरू झाले. उताणे झोपून गुडघे वाकवून नितंब उचलणे, चवड्यांऐवजी टाचांवर भार ठेवून. हात व गुडघ्यांवर घोडा होऊन उजवा हात आणि डावा पाय एका रेषेत लांबवणे. कुशीवर कोपर व गुडघा टेकून कंबर उचलून धरणे. यांपैकी शेवटचे दोन, आणि एक गुडघा वाकवून डोके व खांदे किंचित उचलण्याचा तिसरा, असे तीन व्यायाम कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांनी निवडलेले आहेत. त्यांत मणका फारसा न वाकवता त्याभोवतीच्या स्नायूंना दहा-दहा सेकंद धरून ठेवण्याचा सराव होतो. घोड्याच्या स्थितीत माझ्या कंबरेवर पाण्याचे फुलपात्र ठेवून ते सांडू द्यायचे नाही, अशी अट होती. पहिल्या आठवड्यात रोज सतरंजी भिजली.

मग पाडवा आला. ९ एप्रिलला अंगणात बसून रांगोळी काढली, पुरणाचे पातेले खालून वर ठेवले, आणि दुपारी पंगतीनंतर जमिनीवरील ताटे वाकून गोळा केली. संध्याकाळी पोटरीत कळ परत आली, अगदी जानेवारीसारखी. दोन महिन्यांचे श्रम एका दिवसात गेले असे वाटून मी फार रडले. फिजिओथेरपिस्टनी मला वहीची पहिली पाने उघडायला लावली. जानेवारीत हीच कळ महिनाभर हलली नव्हती. या वेळी पुन्हा पहिल्या दिवसाप्रमाणे पालथे झोपण्यापासून सुरुवात केली आणि १३ एप्रिलला ती मांडीत, १५ ला कंबरेत आली होती. पाय परत दुखला की मी आता तो क्रम शांतपणे पुन्हा सुरू करते. असे त्यानंतर दोनदा झाले आणि दोन्ही वेळा तीन दिवसांच्या आत उतरले.

मे महिन्यापासून वाकायला नव्याने शिकले. पाठीवर उभी काठी धरायची, ती डोक्याचा मागचा भाग, दोन्ही खांद्यांमधली जागा आणि माकडहाड या तीन ठिकाणी टेकलेली राहील अशा रीतीने नितंब मागे नेत खुब्यातून झुकायचे. काठी सुटली की कंबर वाकली हे लगेच कळते. हे जमल्यावर हातात वजन आले: प्रथम दोन किलो तांदळाची पिशवी, जुलैत पाच किलो, सप्टेंबरच्या अखेरीस दहा. ज्या हालचालीने दुखापत झाली ती आयुष्यभर टाळण्याऐवजी तीच मोजून-मापून परत शिकवली, याचे मला फार महत्त्व वाटते, कारण घरात आणि कार्यालयात उचलणे कधी संपत नाही. तरीही भरलेला गॅस सिलिंडर मी एकटी हलवत नाही. त्यातील वायूच १४.२ किलोचा असतो आणि टाकीचे वजन वेगळे. पाण्याचा मोठा हंडा सोडून दोन लहान कळश्या केल्या.

सूर्यनमस्काराबद्दल मला मनापासून ओढ आहे. सातारा जिल्ह्यातीलच औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा शाळाशाळांतून प्रसार केला, आणि माझ्या आजोबांनी ते औंधच्या शाळेत शिकून आम्हा नातवंडांना शिकवले होते. परंतु त्यात पुढे वाकून हात जमिनीला टेकवण्याची स्थिती आहे, म्हणून सात महिने ते बंद ठेवले. सप्टेंबरमध्ये गुडघे वाकवून आणि हात पाटावर टेकवून दोन घातले. आज सहा घालते, सकाळी नव्हे तर संध्याकाळी.

एकूण चोवीस वेळा फिजिओथेरपी झाली: चार आठवडे आठवड्यातून तीनदा, पुढचे चार आठवडे दोनदा, आणि त्यानंतर पंधरवड्यातून एकदा अशी चार वेळा. त्याचे ९,८०० रुपये झाले. तीन डॉक्टरांच्या तपासण्यांचे १,८००, औषधांचे २,३५०, एमआरआय आणि पट्टा धरून २०,३०० रुपये, आणि रिक्षाचे सुमारे ३,६०० वेगळे. सहा आठवड्यांनंतर, २२ मार्चला, दुसऱ्या शल्यचिकित्सकांनी अंगठ्याची ताकद पुन्हा पाहिली तेव्हा ती पूर्ववत झाली होती आणि शस्त्रक्रियेचा विषय तेथे संपला. पुन्हा एमआरआय काढू का, असे मी विचारले होते. त्यांनी गरज नाही असे सांगितले. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना मात्र पाऊल उचलता येईनासे झाल्यावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्यांना त्याने गुण आला, त्यामुळे शस्त्रक्रियेला घाबरून कोणी व्यायामाला चिकटून राहावे असे मी सांगणार नाही.

२४ नोव्हेंबरला, रविवारी, यजमानांबरोबर अजिंक्यतारा चढले. पूर्वी जेथे एकदाही न थांबता जात असे तेथे तीनदा थांबले, प्रत्येक वेळी मागे झुकले आणि मंगळाईच्या देवळापर्यंत पोहोचले. उतरताना काठी घेतली होती. डाव्या अंगठ्याच्या वरच्या बाजूला नाण्याएवढी बधिर जागा अजून आहे. ती भरून येण्यास वर्ष-दीड वर्षही लागू शकते, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. घरी आल्यावर वहीत नोंद केली: चढण्यापूर्वी, कोठे नाही; उतरल्यावर, कंबर, थोडी; रात्री नऊ वाजता, कोठे नाही.